सोडणारीचा वकील

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास टायपिंगची आणि झेरॉक्सची जी दुकानं असतात, त्यांच्या संगणकात हक्कसोडपत्राचा नमुना कायम तयार असतो. नाव, वय, गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा सांगितल्या की उरलेला मजकूर आपोआप उतरतो. 'सदर मिळकतीमधील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, विनामोबदला कायमचा सोडून देत आहे.' ज्या बाईच्या तोंडी हे वाक्य घातलेलं असतं, तिने ते आयुष्यात कधी उच्चारलेलं नसतं. तिला ते वाचून दाखवलं जातं, तेही घाईत, कारण टोकनचा नंबर आलेला असतो.

या सगळ्या व्यवहारात वकील गाठतो तो घेणारा, म्हणजे ज्याला तो हिस्सा मिळणार तो. फी देतो घेणारा. गाडी पाठवतो, दुपारचं जेवण घालतो, साक्षीदार आणतो तोही घेणाराच. सोडणारी आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन येते, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. तिच्या बाजूने त्या खोलीत कुणीच नसतं. आमच्या घरचा व्यवहार सुरू होईपर्यंत यात काही चुकतंय असं मलाही कधी वाटलं नव्हतं. लग्नात मुलीकडच्यांनी खर्च करायचा तशी ही एक रीत.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून आत. घर, घरामागचं नारळ-सुपारीचं आगर आणि वर डोंगराकडे वरकस जमिनीचा एक तुकडा. आजोबा कूळ होते, दुसऱ्याची जमीन कसणारे. कूळकायद्याच्या कलम ३२-ग खाली ती विकत घेऊन त्यांच्या नावावर झाली. ते १९७८ साली गेले. माझे वडील आणि तीन आत्या अशी चार भावंडं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांच्यामागे आई, मी, धाकटा भाऊ. भावाला गावच्या घराची दुरुस्ती करून पर्यटकांसाठी तीन-चार खोल्या काढायच्या होत्या. बँकेने कर्जासाठी तीस वर्षांचा शोध अहवाल मागितला, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याचा तपास. त्यातच २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारची 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू झाली, सातबारावरच्या मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची म्हणून. तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच म्हणतात) स्वतःहून वाडीत आले आणि आमच्या सातबारावर बोट ठेवून म्हणाले, "इथे अडचण आहे."

अडचण तीन अक्षरांची होती. वडिलांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. वडील जिवंत असेपर्यंत हे कुणाला टोचलं नाही. ते पट्टी भरत, सुपारी विकत, गणपतीला सगळ्या आत्यांना बोलावत. आता मात्र त्यांचे वारस लावायचे तर आधी ते नेमक्या किती हिश्श्याचे मालक होते हे ठरायला हवं होतं.

भावाकडे उत्तर तयार होतं. "आत्यांच्या सह्या घेऊन टाकू. त्या नाही थोडंच म्हणणार आहेत?" आईचंही तेच मत. मोठ्या काकूंनी तर गावातल्या सतरा उदाहरणांची यादी दिली. शिवाय व्हॉट्सॲपवर फिरणारं एक ज्ञान होतंच: मुलींना हक्क मिळाला २००५ नंतर, आजोबा गेले १९७८ ला, म्हणजे आत्यांचा तसा हक्कच नाही, सही केवळ सोपस्कार.

देवरुखात एका वकीलबाईंकडे गेलो. मध्यमवयीन, टेबलावर फायलींपेक्षा जास्त जागा पाण्याच्या बाटलीला आणि चष्म्याच्या तीन घरांना. भावाने सगळं सांगितलं, हक्कसोडपत्राचा मसुदा कधी मिळेल विचारलं. बाईंनी मसुद्याबद्दल काही न बोलता विचारलं, "मी नक्की कुणाची वकील आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "आमची. म्हणजे सगळ्यांचीच."

"सगळ्यांची नसते हो कुणी. तुमची असेन तर तुमच्या फायद्याचा सल्ला देईन, आणि आत्यांना सांगेन की तुमचा वकील तुम्ही बघा. त्यांनी नाही बघितला तर निदान मी त्यांच्याशी एकदा स्वतंत्र बोलेन. तुम्ही बाहेर बसायचं. हे मान्य असेल तर जुना फेरफार घेऊन या."

भावाला हे आवडलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, टायपिंगवाल्याने आत्तापर्यंत काम उरकलंसुद्धा असतं. खरंच उरकलं असतं.

जुना फेरफार, म्हणजे सातबारावरचं नाव बदलल्याची नोंद, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढावा लागला. १९७९ चा. नक्कल हातात आली तेव्हा मी ती तिथल्याच बाकावर बसून वाचली. निळ्या शाईतलं, एका दमात लिहिलेलं वळणदार अक्षर. खातेदार अमुक तारखेस मयत. वारस पत्नी एक, मुलगा एक, मुली तीन. तिघींची नावं, पुढे सासरची गावं. आणि मग: मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत, सबब मुलाचे नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून दाखल केले. खाली शेरा, सही, शिक्का. आत्यांना कुणी विसरलं नव्हतं. त्यांची नावं नीट विचारून, लिहून, मग पुढच्या ओळीत बाजूला ठेवली होती. हा फेरफार करणाऱ्याने काही कपट केलं असंही वाटत नाही. त्या काळी गावोगाव असंच होत होतं, आणि सहीखाली बसलेल्या तलाठ्याच्या स्वतःच्या घरीही तेच झालेलं असणार.

वकीलबाईंनी नक्कल पाहिली आणि आमच्या व्हॉट्सॲपी कायद्याचा निकाल लावला. २००५ ची दुरुस्ती आहे ती मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः मुलासारखा हक्क देणारी. बापाच्या स्वतःच्या मालकीची मिळकत असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला असेल, तर मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. आजोबांनी जमीन कूळ म्हणून स्वतःच्या नावे खरेदी केलेली; आजीचा हिस्साही तिच्या मागे चौघांतच आला. म्हणजे रुपयात चार भावंडांचे चार-चार आणे. आमच्या वडिलांचे चार आणे, सोळा नाहीत. ते चार आणेही आता आई, मी आणि भाऊ अशा तिघांत.

घराबद्दल त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. १९५६ च्या कायद्यात २३ वं कलम होतं: कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीचा हिस्सा असला तरी वाटप तिने मागायचं नाही, पुरुष वारस वाटून घ्यायला निघाले तरच. तिथे राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा विभक्त झालेली असेल तरच. ९ सप्टेंबर २००५ ला ते कलम गेलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं कायदाच म्हणत होता की घर तुझंही आहे, फक्त तसं म्हणू नकोस.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण गावात तिच्यावरून फार गोंधळ असतो. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. महसुली नोंद आहे ती. सातबारावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही आणि नुसतं नाव आहे म्हणून येतही नाही. तलाठ्यासमोर 'मला हिस्सा नको' असा जबाब दिला तरी हक्क सुटत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्तच लागतो, १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, ज्याला सगळे 'आठ नंबर' म्हणतात, तो तर कर आकारणीचा कागद. आणि त्याचा महसूलच्या आठ-अ शी काही संबंध नाही. हे दोन आठ एकमेकांत मिसळून आमच्याकडे एक अख्खा दिवस वाया गेला.

वकीलबाई आत्यांना एकेक करून भेटल्या.

मधली आत्या आता नाही, तिचे यजमानही नाहीत. दोन मुलगे. एक डोंबिवलीला, एक शारजात नोकरीला. दोघांनीही खळखळ न करता हिस्सा सोडायची तयारी दाखवली, फोनवरच. शारजातल्या आतेभावाने सुचवलं की आपण मामेभावालाच, म्हणजे माझ्या भावालाच, कुलमुखत्यारपत्र देतो, तो बघेल सगळं. सोयीचं होतं. बाईंनी ठाम नकार दिला. "ज्याला मिळणार आहे त्यालाच सोडणाऱ्याच्या वतीने सही करू देऊ नका. डोंबिवलीच्या भावाला द्या." शिवाय सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र नको, याच एका कामापुरतं, गट नंबरांसह. ते दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन आलं. असा परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. लोक तो कपाटात ठेवून देतात आणि मग धावपळ करतात. आमचा वेळेत झाला. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं विनामोबदला हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं, त्यामुळे खर्चाची बाजू हलकी. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना शंभर-दोनशेऐवजी पाचशेचा मुद्रांक झाला, एवढाच काय तो फरक.

धाकटी आत्या विरारला राहते. गणपतीत सगळ्यांदेखत ती म्हणालेली, "मला काय करायचाय गो हिस्सा? माहेर राहू दे, झालं." भाऊ त्यावर निर्धास्त होता. वकीलबाईंच्या खोलीत ती एकटी गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. मग तिच्याच सांगण्यावरून बाईंनी आम्हाला आकडा सांगितला. तिच्या मुलाने घेतलेल्या खोलीचे हप्ते थकले होते. तिला पैसे हवे होते, फुकट नव्हे, तिच्या चार आण्यांचे. बाजारभावापेक्षा कमीच मागितले होते. आकडा ऐकून आईचा चेहरा पडला. पैशांपेक्षा, ती आपल्याशी हे बोलली नाही याने. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आम्ही तिच्या तोंडून जे ऐकत आलो ते आमच्या सोयीचं होतं म्हणून खरं धरलं होतं. भाच्यांसमोर, भावजयीसमोर, सणासुदीला भरल्या घरात कुठली बाई म्हणणार आहे की माझे पैसे द्या?

मग भावाने नेहमीचा तोडगा काढला: दस्त विनामोबदला दाखवू, पैसे हातात देऊ, मुद्रांक वाचेल. वकीलबाई म्हणाल्या, "वाचेल. आणि उद्या त्यांची मुलं म्हणाली आईला पैसे मिळालेच नाहीत, तर तुम्ही काय दाखवाल? किंवा तुम्ही दिलेच नाहीत, तर त्या काय दाखवतील?" शेवटी मोबदला दस्तात लिहिला, शुल्क हिश्श्याच्या किमतीवर भरलं आणि पैसे बँकेतून गेले. कूळकायद्याची जमीन असल्यामुळे सातबाराच्या इतर हक्कात 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा होता, म्हणजे परवानगीशिवाय ती कुणाला विकता-देता येत नाही. त्याची सर्वांनी फार भीती घातली होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून ती अट सुटते. आमच्या जमिनीचा आकार ४ रुपये २० पैसे. चाळीस पट म्हणजे १६८ रुपये. भावाने भरलेलं चलन फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

नोंदणीच्या दिवशी धाकटी आत्या जरीकाठाची साडी नेसून आली होती. कॅमेऱ्यासमोर बसताना तिने पदर डोक्यावर घेतला, ऑपरेटरने तो जरा मागे करायला सांगितला. अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. तीनदा पुसून, चौथ्यांदा घेतला. निबंधकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, दस्त वाचला का, मान्य आहे का, मोबदला मिळाला का. आत्याने पिशवीतून पासबुक काढलं, सकाळी विरारला बँक उघडल्या उघडल्या नोंद करून आणलेलं असणार असं मला वाटलं, पण ते आदल्या दिवशीचं होतं. तिने ती ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाली, "मिळाला. जमा झालाय." निबंधकांना पासबुक बघायची गरज नव्हती. तरी त्यांनी पाहिलं.

थोरली आत्या सगळ्यात अवघड जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती देवरुखातच असते, विधवा आहे, मूलबाळ नाही, पुतण्यांच्या घरात एक खोली. आमच्याकडच्यांना तिची सही सर्वांत आधी हवी होती, कारण उघड होतं: तिच्या मागे तिचा हिस्सा सासरच्या पुतण्यांकडे गेला तर? वकीलबाईंनी तिला दस्ताचा अर्थ समजावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही करायला माझी ना नाही. पण आधी माझं नाव त्या कागदावर येऊ दे. आलंच नाही ते सोडू कसं?"

कायद्याच्या दृष्टीनेही ती बरोबर होती. आधी वारस म्हणून सगळ्यांची नावं लावून घ्यायची, मग ज्याला सोडायचं त्याने सोडायचं. अर्ज झाला, नमुना ९ च्या नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. तिन्ही आत्यांची नावं सातबारावर आली, मधलीच्या जागी तिच्या मुलांची. थोरल्या आत्याने उताऱ्याची प्रत मागून घेतली.

मग बाईंनी भावाला बोलावून जे सांगितलं ते ऐकून तो काही वेळ गप्पच बसला. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये तरतूद आहे: बाईला बापाकडून वारसाने आलेली मिळकत, तिला मूल किंवा नातवंड नसेल तर, नवऱ्याच्या वारसांकडे जात नाही. ती तिच्या बापाच्या वारसांकडे परत येते. म्हणजे आत्याने काहीही सही केली नाही आणि मृत्युपत्रही केलं नाही, तर तिचे चार आणे आपोआप माहेरीच येणार. ज्या भीतीपोटी तिचा हक्क काढून घ्यायची घाई होती, ती भीतीच मुळात चुकीची. "हां, त्यांनी मृत्युपत्र करून कुणाला द्यायचं ठरवलं तर देता येईल. तो त्यांचा हक्क," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ते टाळायचंय का? तसं असेल तर तुमचा वकील म्हणून मी मसुदा करते. पण त्यांना मी दुसरा वकील बघायला सांगणार."

त्यांनी आत्याला तेही सांगून ठेवलं होतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कलम १२ मध्ये स्त्रिया सरळ पात्र आहेत. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० हा दूरध्वनी क्रमांक असतो. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या किती बायकांना त्या टायपिंगच्या दुकानात बसून कुणी हे सांगत असेल? तिथे भिंतीवर दरपत्रक असतं, गणपतीचं कॅलेंडर असतं. एवढी एक ओळ तिथे रंगवून ठेवायला काय हरकत आहे?

थोरल्या आत्याने हक्कसोड केली नाही. बँकेने सहहिस्सेदार म्हणून तिची संमती मागितली, ती तिने दिली. वर बँकेच्या माणसाला व्याजदर किती ते विचारलं आणि महाग आहे म्हणाली. खोल्यांचं काम सुरू झालं. भाऊ अधूनमधून पुटपुटतो की एवढं सगळं करून एक हिस्सा तसाच राहिला. पण नळाचं कनेक्शन कुठून घ्यायचं याबद्दल तो आता तिला फोन करतो, आधी करत नसे. पाणी कुठल्या बाजूने येतं हे तिला ठाऊक असतं, लग्नाआधीचं.

राहिला माझा प्रश्न. वडिलांच्या चार आण्यांतला तिसरा भाग माझा आहे. त्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही, याचा अर्थ काय गृहीत धरलंय ते मला कळतं. आत्यांच्या बाबतीत मीही तेच गृहीत धरून देवरुखला गेले होते. मला हिस्सा हवा की नको हे अजून ठरलेलं नाही. आगरातली चार झाडं माझ्या नावावर असावीत असं कधी वाटतं, कधी पुण्यात बसून त्याचं काय करणार असंही वाटतं. दिवाळीत मी भावाला सांगितलं की माझ्याबद्दल बोलायचं होईल तेव्हा मी माझा वेगळा वकील करणार आहे.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्या वकीलबाईंनाच घे ना. मग मी दुसरा बघतो. फी मात्र आधी ठरवून घे, त्या नोटिसांचे वेगळे लावतात."